पिस्तुलाच्या सरावात काडतुसांचा खर्च नेमका कुठे वाचतो

प्रश्न असा आहे : ‘मी .२२ स्पोर्ट पिस्तुलाने २५ मीटरवर सराव करतो. आठवड्याला तीनशे काडतुसे लागतात आणि तो खर्च आता झेपत नाही. घरच्या घरी काडतुसे भरून खर्च कमी करता येईल का? ते जमण्यासारखे नसेल, तर स्वस्त काडतुसे वापरल्याने गुण किती घसरतील?’

घरी काडतुसे भरण्याविषयीचे उत्तर थोडक्यात देता येते. .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस आहे. त्याच्या बुडाशी वेगळी कॅप नसते. ठिणगी देणारे मिश्रण कारखान्यातच काठाच्या पोकळ घडीत आतल्या बाजूने पसरवलेले असते आणि फायरिंग पिन तो काठच चेपते. एकदा चेपलेला काठ पुन्हा कामाचा राहत नाही, त्यामुळे .२२ची रिकामी पुंगळी भंगारातच जाते. पुन्हा भरता येतात ती सेंटरफायर काडतुसे, उदाहरणार्थ २५ मीटर सेंटरफायर प्रकारात वापरले जाणारे .३२ वॉडकटर (सपाट तोंडाच्या गोळीचे काडतूस). तिथली बचत खरी आहे, कारण पुंगळी हा काडतुसाचा सहसा सर्वांत महाग भाग असतो आणि ती अनेक वेळा वापरता येते. परंतु अनेक देशांत त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि वॉडकटरच्या हलक्या भरणीत दारू पुंगळीचा इतका लहान भाग व्यापते की चुकून दोनदा पडलेली दारूही तिच्यात सहज मावते आणि लक्षात येत नाही. असे एक काडतूस पिस्तूल फोडू शकते. हे काम परवानाधारक जाणकाराच्या शेजारी बसून शिकण्याचे आहे, लेखी उत्तर वाचून करण्याचे नाही, म्हणून मी त्याच्या तपशिलात जात नाही. तुमच्या .२२च्या बाबतीत तर तो प्रश्न उद्भवतच नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र फार मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांत देता येते. २५ मीटरच्या प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेम धरून झाडण्याच्या, टार्गेटवर दहाच्या कड्याचा व्यास ५० मिलिमीटर आणि नऊच्या कड्याचा १०० मिलिमीटर असतो. समजा, तुमचे स्वतःचे ग्रुपिंग, म्हणजे हात, श्वास, ट्रिगर आणि डोळा यांच्या चुकांमुळे होणारे गोळ्यांचे पसरणे, १०० मिलिमीटर आहे. साधे काडतूस शिकंज्यात धरलेल्या पिस्तुलातून ३० मिलिमीटरचे ग्रुपिंग देते आणि महागडे मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीचे, काडतूस १५ मिलिमीटरचे देते, असे धरू. अनेकांना वाटते की साध्या काडतुसाने एकूण पसारा १३० होईल आणि महागड्याने ११५. तसे होत नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन चुकांची सरळ बेरीज होत नसते. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. साध्या काडतुसाने एकूण ग्रुपिंग सुमारे १०४ मिलिमीटर येते आणि महागड्याने सुमारे १०१. फरक अवघा तीन मिलिमीटरचा, म्हणजे तुमच्या गोळीच्या रुंदीच्या जेमतेम निम्मा.

आता हेच गणित, ज्याचे स्वतःचे ग्रुपिंग ४० मिलिमीटर आहे अशा नेमबाजासाठी मांडा. साध्या काडतुसाने त्याचे ग्रुपिंग ५० होते, महागड्याने सुमारे ४३. इथे सात मिलिमीटरचा फरक पडतो आणि तो दहाच्या कड्याच्या ऐन काठावर पडतो, म्हणून त्याच्यासाठी महागडे काडतूस सार्थ ठरते. तेव्हा स्वस्त काडतुसाने गुण किती घसरतील, हे सर्वस्वी तुमच्या हातावर अवलंबून आहे. सरावाच्या दिवशी दहापैकी तीन-चार गोळ्या आठच्या कड्यात जात असतील, तर मॅच काडतुसांवर केलेला खर्च तुम्हाला गुणपत्रिकेत कधीच दिसणार नाही. शिकाऊ नेमबाजांच्या हाती सर्वांत महाग काडतुसांचे डबे आणि त्याच कारणाने आठवड्यातून अवघ्या पन्नास गोळ्यांचा सराव, हे चित्र मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याची मला मनापासून खंत वाटते.

स्वस्त म्हणजे कोणतेही काडतूस मात्र नव्हे. डब्यावर ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ लिहिलेले काडतूस घ्यावे. त्याची गोळी सहसा ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि तिचा वेग आवाजाच्या वेगाच्या खाली राहतो. मोठ्या खोक्यांत सुटी मिळणारी अतिस्वस्त काडतुसे पुष्कळदा ‘हाय व्हेलॉसिटी’ची असतात. त्यांचा झटका अधिक असतो, आणि मॅच पिस्तुलाचा बोल्ट व त्याची स्प्रिंग हलक्या काडतुसाच्या हिशेबाने बांधलेली असल्यामुळे पिस्तुलाची झीजही वाढते. शिवाय अतिस्वस्त मालात काठातले मिश्रण सर्वत्र सारखे पसरलेले नसले की काडतूस उडत नाही. तसे झाल्यास पिस्तूल टार्गेटकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे आणि मगच ते उघडावे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी झाडू नये. पिस्तूल रिकामे करून नळीत गोळी अडकलेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

काडतुसाची निवड डब्यावरच्या नावाने न करता लॉटच्या, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाच्या, नंबरने करावी. एकाच कारखान्याच्या एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये फरक असतो, आणि तुमच्या नळीला कोणता मानवेल हे कागदावर गोळ्या पाडल्यावरच कळते. तीन-चार लॉटचे एकेक डबे आणा आणि पिस्तूल भक्कम टेकूवर ठेवून प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे तीन ग्रुप पाडा. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर विसंबू नका, कारण पाच गोळ्या योगायोगानेही जवळ जवळ पडतात. लॉट बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजणीत धरू नका. गोळीवरच्या मेणाचा नवा थर नळीत बसेपर्यंत निकाल स्थिर होत नाही. जो लॉट ३० मिलिमीटरच्या आत राहतो आणि तीसच्या तीस वेळा न अडकता चालतो, त्याची मोसमभराची खरेदी एकदम करा. काडतुसे वजनाने किंवा काठाच्या जाडीने निवडत बसणे पिस्तुलासाठी मला वेळेचा अपव्यय वाटते; तोच अर्धा तास कोऱ्या भिंतीसमोर घालवलेला बरा.

खरी बचत त्या कोऱ्या भिंतीसमोरच होते. आठवड्याला तीनशे गोळ्या झाडून जे तुम्ही शिकू पाहता, त्याचा मोठा भाग एकही गोळी न झाडता शिकता येतो, आणि माझ्या अनुभवात अधिक चांगला शिकता येतो. त्यामागचे कारण पुन्हा आकड्यांतच आहे. २५ मीटरच्या पिस्तुलावर फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडची उभी पट्टी) आणि रिअर साइट (मागची खाच) यांतील अंतर नियमाने २२० मिलिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. या अंतरात फ्रंट साइट खाचेच्या मध्यापासून फक्त एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर सरकते, म्हणजे दहाचा शॉट थेट सहाच्या कड्यात जातो. याउलट साइट्स एकमेकींशी नीट जुळलेल्या राहून संपूर्ण पिस्तूलच पाच मिलिमीटर बाजूला गेले, तर गोळीही पाचच मिलिमीटर बाजूला जाते आणि दहा दहाच राहतो. हात डोलतो म्हणून नवशिका घाबरतो आणि काळ्या गोलाकडे पाहत तो क्षण पकडण्यासाठी ट्रिगर झटकतो. त्या झटक्यात साइट्स फाकतात. हाताचे डोलणे त्याचे फारसे नुकसान करत नाही, ट्रिगरचा झटका मात्र दोन-चार गुण घेऊन जातो. आणि साइट्स फाकल्या की नाहीत, हे पाहण्यासाठी काडतुसाची गरजच नसते. उलट झटका आणि आवाज नसल्यामुळे ट्रिगर सुटतानाचा तो क्षण स्वच्छ दिसतो.

ड्राय फायरिंग, म्हणजे काडतुसाशिवाय ट्रिगर दाबण्याचा हा सराव, सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली सुरक्षिततेची. ज्या खोलीत ड्राय फायरिंग करायचे, त्या खोलीत एकही जिवंत काडतूस असता कामा नये. डबा दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळी लावूनही पाहा. समोरची भिंत भक्कम असावी आणि तिच्यामागे कोणी राहत नसावे. सत्र संपले की ‘संपले’ असे मोठ्याने म्हणून पिस्तूल तत्काळ पेटीत बंद करा. पिस्तूल पेटीत ठेवल्यावर ‘आणखी एकच शॉट’ म्हणून परत उचलणे ही सर्वांत घातक सवय आहे. या सरावातले अपघात बहुधा सत्र संपल्यानंतरच्या त्या एका शॉटने होतात. दुसरी गोष्ट यंत्राची. रिमफायर पिस्तुलाचे रिकामे चेंबर झाडल्यास फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिला खाच पाडू शकते. पुष्कळ मॅच पिस्तुलांसोबत यासाठी वेगळा प्लग किंवा सोय असते. ती नसेल तर प्लॅस्टिकचे डमी काडतूस वापरा. पिस्तुलाची पुस्तिका याबाबतीत जे सांगते तेच खरे मानावे.

घरात २५ मीटर नसतात, म्हणून टार्गेट त्याच प्रमाणात लहान करावे लागते. प्रिसिजनचा काळा गोल २०० मिलिमीटरचा असतो, तेव्हा तीन मीटरवर तो २४ मिलिमीटरचा काढावा. ड्युएलच्या, म्हणजे थोडा वेळच उघडणाऱ्या, टार्गेटचा काळा भाग ५०० मिलिमीटरचा, म्हणून तीन मीटरवर ६० मिलिमीटर. उंचीबाबत मात्र पुष्कळांची चूक होते. रेंजवर टार्गेटचे केंद्र सुमारे १४० सेंटिमीटर उंचीवर असते, म्हणून घरीही ते भिंतीवर १४० सेंटिमीटरवरच चिकटवले जाते. तुमचे डोळे १६० सेंटिमीटरवर असतील, तर रेंजवर २५ मीटरमध्ये नजर २० सेंटिमीटर खाली उतरते; म्हणजे तीन मीटरमध्ये ती केवळ अडीच सेंटिमीटर उतरायला हवी. घरचे टार्गेट सुमारे १५७ सेंटिमीटरवर लावा. नाहीतर रोज हात चार अंशांनी खाली झुकलेला ठेवण्याची सवय खांद्याला लागते आणि रेंजवर पहिल्या वीस गोळ्या त्या सवयीशी भांडण्यात जातात.

सत्राचा पहिला अर्धा भाग कोऱ्या भिंतीवर करा, कारण गोल समोर असला की डोळा त्याच्याकडे धावतो. पिस्तूल उचला, खाली येताना फ्रंट साइट स्पष्ट करा, तिच्या दोन्ही बाजूंचा उजेड सारखा ठेवा आणि ट्रिगरवरचा दाब न थांबवता वाढवत राहा. क्लिक झाल्यावर किमान दोन सेकंद तसेच थांबा आणि क्लिकच्या क्षणी फ्रंट साइट कुठे होती ते स्वतःला सांगा : ‘डावीकडे किंचित’, ‘खाली’, ‘मध्ये’. हे सांगता आले नाही, तर तो शॉट झालाच नाही असे समजा. आठ-नऊ सेकंदांत क्लिक झाला नाही, तर हात खाली घ्या. सुरुवातीला वीस मिनिटांत चाळीस शॉट पुष्कळ होतात. थकलेल्या हाताने केलेला ड्राय शॉट चुकीचीच सवय पक्की करतो.

हे सर्व मला फार उशिरा पटले. माझ्या पहिल्या प्रशिक्षकांनी एके दिवशी माझ्या हातातून पिस्तूल काढून घेतले आणि सांगितले की यापुढचे वीस शॉट ते स्वतः भरून देतील. कधी जिवंत काडतूस, कधी प्लॅस्टिकचे डमी, आणि कोणते ते मला कळणार नाही. तिसऱ्या शॉटला मी ट्रिगर दाबला, आवाज झाला नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत नळीचे टोक दोन बोटे खाली झुकले. न झालेल्या झटक्याला माझा मनगटाचा सांधा आधीच उत्तर देऊन मोकळा झाला होता. तोवर खाली जाणाऱ्या प्रत्येक गोळीसाठी मी काडतुसांना दोष देत आलो होतो आणि साइटचे स्क्रू फिरवत आलो होतो. त्या वीसमध्ये जिवंत काडतुसे केवळ आठ होती, पण आधीच्या कित्येक महिन्यांच्या गोळीबाराने जे दाखवले नव्हते ते त्या दिवशी दिसले. तुमच्या सोबत्याला महिन्यातून एकदा असे करायला सांगा. प्रत्येक वेळी पिस्तूल घेताना त्यात जिवंत काडतूसच आहे असे समजून वागायचे, हे वेगळे सांगायला नको.

२५ मीटरच्या ड्युएल भागासाठी तर ड्राय फायरिंग जणू बेतूनच दिलेले आहे. तिथे टार्गेट सात सेकंद बंद राहते आणि तीन सेकंद उघडते. त्या तीन सेकंदांत ४५ अंशांवर खाली धरलेला हात वर आणून एकच गोळी झाडायची असते. सात आणि तीन सेकंदांचे इशारे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि पाच-पाचच्या मालिका करा. सात सेकंदांत उजव्या हाताची पकड न सोडता डाव्या हाताने बोल्ट ओढून पिस्तूल पुन्हा सज्ज करता येते. हात वर येतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घेतला जावा आणि हात थांबल्यानंतर एका सेकंदाच्या आत क्लिक व्हावा, हे साधायचे आहे. पुरुषांच्या रॅपिड फायरमधील चार सेकंदांत पाच गोळ्यांची मालिका मात्र अशी पूर्ण होत नाही, कारण पहिल्या क्लिकनंतर ट्रिगर मोकळा पडतो. तिथे पहिला शॉट आणि पुढच्या चार टार्गेटांवरून हाताचे सरकणे एवढेच घरी शिकता येते. झटक्यानंतर साइट परत आणण्यासाठी काडतुसेच लागतात.

एअर पिस्तूल हा ड्राय फायरिंग आणि .२२ यांच्यामधला दुवा आहे. ४.५ मिलिमीटरचा पेलेट .२२च्या काडतुसापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, आणि १० मीटरवरचा दहाचा कडा केवळ ११.५ मिलिमीटरचा असल्यामुळे तो चुकांना सवलत देत नाही. पेलेट काडतुसाच्या गोळीच्या जवळपास निम्म्या वेगाने निघतो, म्हणून नळीत जास्त वेळ राहतो. ट्रिगर सुटताच हात सैल सोडणाऱ्याला त्याची शिक्षा कागदावर लगेच दिसते. एक पथ्य मात्र पाळावे लागते. एअर पिस्तुलाचा ट्रिगर सुटायला किमान ५०० ग्रॅमचा, तर स्पोर्ट पिस्तुलाचा सुटायला किमान १००० ग्रॅमचा दाब लागतो, त्यामुळे केवळ एअर पिस्तुलावर राहिलेले बोट .२२च्या दुप्पट वजनासमोर अडखळते. स्पर्धेच्या आधीच्या तीन आठवड्यांत ड्राय फायरिंग स्पोर्ट पिस्तुलावरच करावे. तुमच्याकडे स्प्रिंग-पिस्टनचे साधे एअर पिस्तूल असेल, तर ते पेलेटशिवाय झाडू नका. हवेचा अडसर नसला की पिस्टन थेट आदळतो आणि सील बिघडते.

आठवड्याच्या तीनशे काडतुसांचे मी असे करीन. पाच दिवस घरी वीस-पंचवीस मिनिटे ड्राय फायरिंग, त्यातले दोन दिवस ड्युएलच्या इशाऱ्यांवर. दोन दिवस एअर पिस्तुलाचे साठ-साठ पेलेट. आणि एकच दिवस रेंजवर .२२ची ऐंशी काडतुसे : दहा सायटर (न मोजल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या), तीस प्रिसिजन, तीस ड्युएल आणि उरलेली दहा त्या दिवशी जी चूक दिसली तिच्यासाठी. त्या ऐंशीतील प्रत्येक गोळी झाडल्यावर, गोळीची जागा दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहण्याआधी, ती कुठे गेली असावी हे वहीत लिहा आणि मग प्रत्यक्ष जागा लिहा. तुमचा अंदाज आणि प्रत्यक्ष जागा जुळू लागली, तरीही काही गोळ्या कारणाशिवाय बाहेर जात असतील, तर दोष काडतुसांत असण्याची शक्यता प्रथमच खरी ठरते आणि त्या वेळी वरच्या दर्जाचा लॉट तपासायला घ्या. अंदाजच जुळत नसेल, तर डबा बदलून काही होणार नाही. पुढचे दोन आठवडे रेंजवरची काडतुसे आणखी वीसने कमी करून तो वेळ भिंतीसमोर द्या.

रेंजवरून परतल्यावर, काहीही खाण्यापूर्वी, हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा. गोळी आणि पेलेट दोन्ही शिशाचे असतात, आणि स्वस्त असो वा महाग, ते शिसे बोटांना सारखेच लागते.